परभाषेच्या मुलखात फटफटी

आगगाडीने जाणारा मनुष्य परभाषेच्या प्रांतातून प्रवास करतो खरा. परंतु ती भाषा त्याच्या डब्यात शिरतेच असे नाही. तिकीट घरच्या गावी काढलेले असते, स्थानकाचे नाव तीन लिप्यांत रंगविलेले असते, आणि रूळ जिकडे नेतील तिकडे जाण्यावाचून गाडीलाही दुसरा मार्ग नसतो. फटफटीवर बसून निघालेल्या माणसाची गोष्ट अगदी निराळी आहे. प्रत्येक फाट्यावर निर्णय त्याचा त्याला घ्यावा लागतो. दर दोनतीनशे किलोमीटरला पेट्रोल, तासा-दोन तासांनी पाणी, दुपारी जेवण, सायंकाळी निवारा, आणि दैव फिरले तर पंक्चर काढणारा, ह्या सर्वांसाठी त्याला कोणा अनोळखी माणसापुढे थांबून तोंड उघडावे लागते. मोटारीतल्या प्रवाशाप्रमाणे काच वर करून घेण्याची सोयही त्याला नाही. तो उघड्यावर असतो, आणि त्या मुलखाच्या भाषेलाही तो उघडाच सापडतो.

महाराष्ट्रातून दक्षिणेकडे निघालेला स्वार बहुधा राष्ट्रीय महामार्ग ४८ धरतो. पुणे, सातारा, कोल्हापूर मागे पडले तरी निपाणी-बेळगावपर्यंत मराठी कानांवर येत राहते. पुढे हुबळी-दावणगेऱ्याच्या बाजूला कन्नडचा अंमल सुरू होतो. तेथेही दखनी वळणाची हिंदी बोलणारा कोणी ना कोणी भेटतो आणि वेळ निभावते. बंगळूर ओलांडून अत्तिबेलेच्या पुढे होसूर लागले की मात्र पाटी बदलते, लिपी बदलते, आणि आतापर्यंत निभावून नेणारी हिंदी खिशातल्या खोट्या नाण्यासारखी हाती राहते. तमिळनाडूत १९६५ साली हिंदीविरोधी आंदोलनाचा वणवा पेटला होता आणि १९६८ पासून त्या राज्याच्या शाळांतून तमिळ व इंग्रजी ह्या दोनच भाषांचे धोरण चालत आले आहे. २०१७ साली महामार्गावरील काही मैलाच्या दगडांवर इंग्रजी नावांच्या जागी हिंदी नावे आली, तेव्हा त्यावरूनही तेथे वादळ उठले. मराठी माणसाला एक सवय जडलेली असते. महाराष्ट्राची वेस ओलांडली की तो आपोआप हिंदी बोलू लागतो; समोरच्याची भाषा कोणती ह्याचा विचार तो मागाहून करतो. हल्ली उपाहारगृहांतून व बांधकामांवर उत्तरेकडून आलेले कामगार पुष्कळ दिसतात आणि त्यांच्याशी हिंदीत बोलता येते. परंतु वाट त्यांना विचारून उपयोग नाही, कारण ते बिचारे स्वतःच परके असतात.

ह्या प्रवासातील पहिला अडथळा व्याकरणाचा नसून नावांचा असतो. उदाहरणादाखल जिंजी घ्यावी. शिवाजी महाराजांनी १६७७ साली हा किल्ला घेतला, आणि १६८९ पासून १६९८ पर्यंत राजाराम महाराजांनी तेथून राज्याचा कारभार चालविला. २०२५ साली मराठ्यांच्या बारा दुर्गांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला, त्यांत महाराष्ट्राबाहेरचा एकच किल्ला आहे आणि तो हाच. साहजिकच मराठी स्वाराच्या मनात ह्या मार्गावरील सर्वांत ठळक नाव जिंजीचे असते. कृष्णगिरीहून तिरुवण्णामलैच्या वाटेला लागल्यावर तो मोठ्या आत्मविश्वासाने चहाच्या टपरीवर ‘जिंजी?’ म्हणून विचारतो. टपरीवाला मान हलवितो. स्वार मोठ्याने विचारतो, कारण न समजलेला शब्द मोठ्याने उच्चारला की समजतो असा सर्व प्रवाशांचा समज असतो. तरीही व्यर्थ. त्या गावाचे नाव तेथे ‘सेंजी’ आहे. इंग्रजी नकाशांत आणखी तिसरेच रूप छापलेले असते. पिढ्यान्‌पिढ्या मराठी इतिहासात वाचलेले नाव त्या गावापासून चाळीस किलोमीटरांवर ओळखू येऊ नये, ही गोष्ट मनाला लागते खरी. पण त्यात दोष टपरीवाल्याचा नव्हे.

असे का होते हे समजून घेतले तर अनेक नावांचे कुलूप एकदम उघडते. तमिळ लिपीत व्यंजने अवघी अठरा आहेत. मराठीत क, ख, ग, घ ह्यांना चार अक्षरे लागतात, तेथे तमिळचे एकच अक्षर काम भागविते. च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग ह्यांचीही तीच गत. मग वाचणाऱ्याने ‘क’ म्हणावे की ‘ग’, हे कसे ठरते? ते अक्षराच्या जागेवरून ठरते. शब्दारंभी किंवा जोडून आले तर बहुधा कठोर, अनुनासिकानंतर आले तर मृदू, दोन स्वरांच्या मध्ये सापडले तर आणखी सैल. ‘सेंजी’ ह्या शब्दात एकच अक्षर दोनदा येते: आरंभी त्याचा उच्चार ‘स’कडे झुकतो, अनुनासिकामागून तेच ‘ज’ होते. तमिळ माणसाला ही दोन अक्षरे वाटतच नाहीत. परक्या कानांनी मात्र आपापल्या परीने ती टिपली आणि प्रत्येकाची जिंजी वेगळी झाली.

मराठी स्वाराच्या पदरी येथे एक लाभही आहे, आणि तो थोडाथोडका नाही. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या प्रवाशाची जीभ ज्या वर्णाशी अडखळते तो ‘ळ’ मराठी माणूस बाळपणापासून बोलत आला आहे. तमिळमध्ये साधा ‘ल’ आहे, मराठीतला ‘ळ’ आहे, आणि त्याखेरीज जीभ मागे वळवून, कोठेही न टेकविता काढावयाचा एक तिसरा वर्ण आहे. ‘तमिळ’ ह्या नावाच्या शेवटी येतो तो हाच. इंग्रजीत तो दोन अक्षरे जोडून लिहितात, आणि ती ‘झ’ म्हणून वाचली की अनर्थ होतो. मराठीने तेथे ‘ळ’ लिहिण्याची वहिवाट पाडली आहे. ती तंतोतंत नसली तरी चौरस्त्यावर चालून जाते; खेड्यापाड्यांतील पुष्कळ तमिळ माणसेही त्याचा उच्चार तसाच करतात.

ही लिपी शिकण्यास फार दिवस लागत नाहीत. जोडाक्षरांची दाटी नाही. अक्षराच्या डोक्यावर टिंब दिले की त्यातला स्वर गळाला. निघण्यापूर्वी पंधरवडाभर रोज अर्धा तास दिला तर गावांची नावे अडखळत का होईना वाचता येतात, आणि तेवढ्यानेही प्रवासाचा रंग पालटतो. मोठ्या रस्त्यांवर इंग्रजी पाटी असते. पण आडवाटेला, विशेषतः नारिंगी पट्ट्याच्या दगडांच्या ग्रामीण रस्त्यांवर, पुष्कळदा तमिळ तेवढी उरते. राज्याच्या बसगाड्यांवरील पाट्याही बहुतेक तमिळच असतात. आणि फाट्यावर उभ्या असलेल्या स्वाराला समोरून आलेल्या बसचे कपाळ वाचता आले तर त्याला कोणालाच काही विचारावे लागत नाही.

नावे वाचता आली की ती बोलूही लागतात. ‘ऊर’ म्हणजे गाव. होसूर, वेलूर, तंजावूर ही सर्व त्याच घरातली. ‘मलै’ म्हणजे डोंगर, तेव्हा तिरुवण्णामलैला टेकडी असणारच. ‘कुळम्’ आणि ‘एरि’ म्हणजे तळे. ‘पालम्’ म्हणजे पूल. ‘आरु’ म्हणजे नदी, आणि गंमत अशी की सहा ह्या संख्येलाही तोच शब्द आहे. ‘आरु किलोमीटर’ ऐकून नदी शोधीत बसू नये. काही प्रत्यय तर मराठी माणसाला घरचेच वाटतील. ‘कोट्टै’ म्हणजे कोट, ‘पेट्टै’ म्हणजे पेठ; आणि ‘पाळैयम्’ म्हणजे लष्कराची छावणी, जिच्या नायकाला मराठी बखरकारांनी पाळेगार म्हटले. अशा रीतीने नकाशा उलगडू लागला की पुढे पाणी आहे की चढ आहे, ह्याचा थोडाफार अंदाज स्वार नावांवरूनच बांधू लागतो.

आता प्रत्यक्ष विचारण्याविषयी. ह्या कामी सर्वांत घातक प्रश्न कोणता असेल तर ‘हा रस्ता अमक्या गावाला जातो ना?’ हा होय. त्याला उत्तर ‘हो’ असेच येते. परक्या पाहुण्याला नाही म्हणणे कोणाच्या जिवावर येते, कोणाला प्रश्नातले गावाचे नाव तेवढे कळलेले असते, आणि खरे पाहता कोणताही रस्ता फिरून फिरून कोठेही जातोच. त्यातच तिकडे होकारासाठी मान दोन्ही खांद्यांकडे हलकेच झुलवितात; नवख्याला तो नकार वाटतो किंवा बेपर्वाई वाटते. म्हणून ज्याला ‘हो’ म्हणून सुटता येणार नाही असा प्रश्न करावा. आधी गावाचे नाव, मग ‘एंद वळि?’ म्हणजे कोणती वाट, आणि दोन्ही हात मोकळे सोडून गप्प उभे राहावे. उत्तर देणारा हाताने दिशा दाखवितोच. ‘वलदु’ म्हणजे उजवीकडे, ‘इडदु’ म्हणजे डावीकडे, ‘नेरा’ म्हणजे सरळ, एवढे तीन शब्द कानाला ओळखीचे असले की पुरे. स्वतः लांबलचक वाक्य पाठ करून म्हणू नये. त्याचे कारण सोपे आहे: वाक्य जितके शुद्ध तितके उत्तर लांब आणि भरधाव येते, आणि मग पाठ केलेल्या वाक्याचा काही उपयोग राहत नाही.

इंजिन बंद करून आणि शिरस्त्राण काढून विचारावे, हेही सांगावयास हवे. काळ्या काचेमागून आलेला आवाज कोणत्याही भाषेत उद्धटच वाटतो. संबोधनांच्या बाबतीत मराठी माणसाला नवे काही शिकावे लागत नाही. ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ हे दोन्ही शब्द तो घरूनच घेऊन निघालेला असतो. वडीलधाऱ्यांना ‘अय्या’, ‘अम्मा’ म्हणावे, पोरसवद्या मुलाला ‘तम्बी’. मराठीत ‘ये’ आणि ‘या’ ह्यांत जो फरक तोच तमिळमध्ये ‘वा’ आणि ‘वांग’ ह्यांत आहे. तो शेवटचा ‘ंग’ विसरला तर पोक्त माणसाला एकेरीने हाक मारल्यासारखे होते.

हल्ली प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी असतो आणि तो कानात वाट सांगत जातो. त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. पण सुगीच्या दिवसांत शेतकऱ्यांनी भात, नाचणी किंवा कुळीथ मळण्यासाठी व वाळविण्यासाठी रस्त्यावरच पसरलेले असते, आणि त्यावरून दुचाकी हमखास घसरते, हे त्या यंत्राला ठाऊक नसते. रस्त्यावरच्या पाट्या अशा वेळी अधिक कामास येतात, आणि त्या ऐकून-वाचून मराठी माणूस चकित होतो. गतिरोधकाला तेथे ‘वेगत्तडै’ म्हणतात. त्यातला वेग कोणालाही कळेल. ‘वळैवु’ म्हणजे वळण. हे नाते सख्खे की मानलेले, हे भाषाशास्त्रज्ञांनी ठरवावे. स्वाराचे काम भागते. घाटातल्या अवघड वळणाला अंबाड्याच्या पिनेची उपमा देऊन ‘कोंडै ऊसि वळैवु’ म्हणतात, आणि नामक्कल जिल्ह्यातील कोल्लि डोंगरावर चढताना अशी सत्तर वळणे घ्यावी लागतात. जेथे ‘अबायम्’ लिहिले असेल तेथे अपाय आहे असे समजावे. मात्र दुसरा एक शब्द आहे ‘अबयम्’, तो म्हणजे अभय. लिपीला ‘प’ आणि ‘भ’ ह्यांत भेद ठाऊक नसल्यामुळे संकट आणि आश्रय ह्यांच्यामध्ये तेथे केवळ एका दीर्घ स्वराचे अंतर उरले आहे.

संकटाचा उल्लेख निघालाच आहे तर पावसाविषयी बोलले पाहिजे, कारण मराठी स्वाराची सर्वांत मोठी चूक येथे होते. महाराष्ट्रातला पावसाळा सरला, दिवाळीची सुटी लागली, रस्ते स्वच्छ झाले, असे पाहून तो घर सोडतो. परंतु तमिळनाडूचा मुख्य पाऊस ईशान्येकडील वाऱ्यांबरोबर येतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हाच त्याचा काळ. मराठी मुलखात छत्र्या माळ्यावर जातात तेव्हा तेथे त्या बाहेर निघतात. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर फेंगल नावाचे चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले आणि नंतर जमिनीवर रेंगाळले. कृष्णगिरी-तिरुवण्णामलै ह्या वाटेवरील ऊत्तंगरै येथे एका दिवसात सुमारे पन्नास सेंटिमीटर पाऊस कोसळला, आणि तिरुवण्णामलैच्या टेकडीची दरड घसरून सात जणांचा बळी गेला.

अशा दिवसांत आडवाटेवरचा फरशी पूल हा स्वाराचा वैरी होतो. त्याला तेथे ‘तरैप्पालम्’, म्हणजे जमिनीलगतचा पूल, म्हणतात. वरून वाहणारे पाणी घोट्याएवढेच दिसते. पण त्याचा ओढ चाकाला बाजूला रेटतो आणि खालची फरशी वाहून गेली आहे की शाबूत आहे हे गढूळ पाण्यातून दिसत नाही. पलीकडच्या तीरावर उभा असलेला कोणी हात वर करून ‘वेळ्ळम्, वेळ्ळम्’ असे ओरडतो. ‘तण्णि’ म्हणजे पाणी हे एव्हाना स्वाराला ठाऊक झालेले असते. ‘वेळ्ळम्’ हा शब्द त्याने ऐकलेला नसतो. पलीकडे माणूस उभा आहे म्हणजे वाट चालू असणार, तो आपल्याला बोलावीतच असणार, असा तर्क करून स्वार गाडी पुढे घालतो. ‘वेळ्ळम्’ म्हणजे पूर. जेवणाची ऑर्डर देण्याचे शब्द न शिकले तरी उपाशी कोणी राहत नाही. बोट दाखविले की पान वाढले जाते, आणि ‘पोदुम्’ म्हणजे पुरे, हे न म्हटल्यास ते वाढतच राहते. परंतु ‘वेळ्ळम्’, ‘मळै’ म्हणजे पाऊस, आणि ‘मरुत्तुवमनै’ म्हणजे रुग्णालय, हे तीन शब्द निघण्यापूर्वी पाठ हवेत. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक मात्र दोन्ही राज्यांत एकच आहे.

गाडी बिघडली म्हणजे आता भाषेवाचून सर्वस्वी अडणार, अशी भीती नवख्याला वाटते. प्रत्यक्षात उलटा अनुभव येतो. गॅरेजात पाऊल टाकताच तो पुन्हा ओळखीच्या मुलखात येतो. प्लग, क्लच, चेन, ब्रेक, ट्यूब, व्हॉल्व्ह हे शब्द इंग्रज मागे टाकून गेला आणि हिंदुस्थानभरच्या मिस्त्र्यांनी ते आपापल्या तोंडाला येतील तसे घासून घेतले. ‘पंचर कडै’ म्हणजे पंक्चरचे दुकान, हे समजावयास कोश लागत नाही. त्यातल्या ‘कात्तु’ म्हणजे हवा ह्या शब्दाची तेवढी भर घालावी. मोटारसायकलीच्या बाबतीत तर हा मुलूख परका म्हणवतही नाही. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि शहराच्या उत्तरेला तिरुवोट्टियूर येथे बुलेट जोडल्या जाऊ लागल्या. होसूरलाही दुचाकींचा मोठा कारखाना आहे. मराठी माणसाने ‘आपली’ म्हणून कौतुकाने पुसून ठेवलेली फटफटी पुष्कळदा येथे माहेरीच आलेली असते. मिस्त्री दुखणे ऐकून घेण्याच्या भरीस पडत नाही. तो किल्ली मागतो, एक फेरी मारून येतो, आणि इंजिनाकडून हकीकत समजून घेतो. त्याने ‘सरि’ म्हटले तर काम होणार. ‘नाळै’ म्हटले तर मात्र मुक्कामाची सोय पाहावी, कारण ‘नाळै’ म्हणजे उद्या. एक सावधगिरी तेवढी बाळगावी. सैल झालेल्या भागाकडे बोट दाखवून ‘लूज, लूज’ म्हणताना ते बोट चुकूनही मिस्त्र्याकडे वळू देऊ नये. ‘लूसु’ हा शब्द तमिळ बोलीत डोके फिरलेल्या माणसाला लावतात.

सेंजीहून विळुप्पुरम्, चिदंबरम् आणि कुंभकोणम् करीत स्वार कावेरीच्या भातखाचरांतून तंजावुरास पोहोचतो. ह्या शहरावर १६७० नंतरच्या दशकात व्यंकोजीराजांनी अंमल बसविला आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचा वंश तेथे नांदला. बृहदीश्वराच्या प्रचंड मंदिराच्या आवारात भोसल्यांच्या कुळाची हकीकत मराठीत कोरलेली आहे. सरफोजीराजांनी १८०३ साली ती कोरवून घेतली. सरस्वती महालाच्या ग्रंथसंग्रहात मोडी कागदांची दप्तरे आहेत. गावात अद्याप मराठी घरे आहेत आणि त्या घरांतून मराठी बोलली जाते. आठ दिवस खुणांवर काढलेल्या स्वाराला हे कळताच मोठा आनंद होतो, आणि आता मोकळेपणी बोलावे म्हणून तो अशा एखाद्या घरी जाऊन बसतो. पण समोरची मराठी अडीचतीनशे वर्षे वेगळ्या वाटेने चालत आलेली असते. पुण्या-मुंबईकडे कधीच्या मावळलेल्या शब्दांना तिच्यात तमिळ हेल लागलेला असतो, आणि स्वाराची हिंदी-इंग्रजीने भरलेली मराठी त्या घरच्या आजीबाईंना धड उमगत नाही. दोन्हीकडे क्षणभर शांतता पसरते. मग स्वार, गेल्या आठ दिवसांच्या सवयीने, बोलण्याचा वेग कमी करतो, वाक्ये लहान करतो, आणि उत्तर पुरते ऐकून घेतल्यावर पुढचे विचारतो.